उन्हाळ्याची बेगमी

सिंधुदुर्ग किल्ल्यात तीन विहिरी आहेत. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. मालवणच्या किनाऱ्यासमोर कुरटे नावाच्या खडकाळ बेटावर १६६४ च्या नोव्हेंबरात या किल्ल्याचे काम सुरू झाले. चहूबाजूंना खारे पाणी आणि आत पिण्याजोगे गोडे पाणी, हे त्या बेटाचे मोठे बळ. गोडे पाणी नसते तर तटाची उंची आणि तोफांची संख्या कितीही असून उपयोग नव्हता. वेढा पडताच शिबंदी तहानेनेच शरण गेली असती. विहिरींची नावेही बघण्यासारखी आहेत. थोरली, धाकटी, पूर्वेची, पश्चिमेची अशी नावे ठेवता आली असती. ठेवली ती दुभत्याच्या कपाटातली. घरात जे पदार्थ मोजून काढतात, झाकून ठेवतात आणि सांडले तर हळहळतात, त्यांची नावे तिथे पाण्याला मिळाली. आज त्याच बेटासमोरच्या किनाऱ्यावर, मालवण, तारकर्ली, देवबागच्या पट्ट्यात, एप्रिल उजाडला की पाण्याची चर्चा सुरू होते. ती नेहमी एकाच पेचावर येऊन थांबते: पाणी वाचवायचे तर पाहुण्यांना अडवायचे, आणि पाहुणे हवेत तर पाण्याचा हिशेब विसरायचा. हा पेच खोटा आहे, असे या लेखाचे म्हणणे आहे. किनाऱ्यावरचा उन्हाळा ज्याने खरोखर सुखाचा होतो त्याला पाणी फार लागत नाही. ज्याला ते फार लागते ते बहुतेक बाहेरून आणलेले आहे. आणि जे थोडे लागते त्याची तजवीज उन्हाळ्यात करता येत नाही. ती कित्येक महिने आधी करावी लागते.

टंचाई येते कुठून, हे आधी पाहू. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. सोलापूरला पडतो साडेपाचशेच्या आसपास. पाचपटीहून अधिक पाऊस असलेल्या मुलखात टँकर फिरावा, हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. कोकणातल्या माणसाला मात्र ते इतके सवयीचे झाले आहे की त्याचे आश्चर्यही वाटेनासे झाले. कारणे तीन आहेत. सह्याद्रीचा कडा आणि समुद्र यांत अंतर थोडे आणि उतार मोठा, त्यामुळे नद्या आखूड. सड्यावर पडलेले पाणी बघता बघता खाडीला मिळते. जांभा सच्छिद्र आहे, तो पाणी पितो, पण धरून ठेवत नाही. पावसाळ्यात तुडुंब भरलेली विहीर फाल्गुनात तळ दाखवते. आणि जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. म्हणजे इथे पाणी कमी नाही. ते भलत्या वेळी येते आणि थांबत नाही. दुष्काळी मुलखातल्या माणसाला आभाळाकडे बघावे लागते. कोकणातल्या माणसाने खरे तर आपल्या साठ्याकडे बघायला हवे.

पुळणीलगतच्या गावांची गोष्ट याहून नाजूक आहे. देवबाग ही वाळूची एक अरुंद पट्टी. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी. दोन्हीकडे खारे पाणी असताना मधल्या वाळूत खणलेली विहीर गोडी कशी लागते? वाळूत मुरलेले पावसाचे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असते, म्हणून ते त्याच्यात बुडत नाही, त्याच्यावर तरंगत राहते. दुधावर साय धरावी तसा हा गोड्या पाण्याचा थर खाऱ्यावर धरलेला असतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी गायबेन आणि हर्झबर्ग या दोन युरोपीय अभ्यासकांनी याचे गणित मांडले. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल, तर खाली सुमारे चाळीस फूट गोडे पाणी असते. ऐकायला हे दिलासा देणारे वाटते, पण हेच गणित उलटे वाचले की धडकी भरते. उपशामुळे वरची पातळी एक फूट खाली गेली आणि तशीच राहिली, तर खालून खारे पाणी कालांतराने चाळीस फूट वर सरकू शकते. हे गणित आदर्श स्थितीचे आहे. प्रत्यक्षात गोड्या-खाऱ्यामध्ये मिश्र पाण्याचा एक पट्टा असतो आणि वाळूचे थरही सारखे नसतात. दिशा मात्र हीच. विशेषतः एकाच जागी खोल बोअर मारून पंपाने सपाटून पाणी ओढले की त्या नळीखाली खाऱ्या पाण्याचा सुळका वर येतो. पाणी आधी मचूळ लागते, मग डाळ शिजेनाशी होते, मग पोफळी पिवळ्या पडतात. जांभ्यातली विहीर आटली तर पुढच्या मृगात भरते. वाळूतली विहीर एकदा खारी झाली की एका पावसाने ती धुऊन निघेलच याची खात्री नसते. किनाऱ्यावर पाणी वाचवायचे ते संपेल म्हणून नव्हे, बिघडेल म्हणून. शिवाय बोअर एकाची असली तरी साय सगळ्या वाडीची असते.

ही गोष्ट कायद्याला माहीत आहे. किनारा नियमन क्षेत्राच्या १९९१ च्या अधिसूचनेपासून भरतीरेषेजवळच्या भूजल उपशावर बंधने आहेत. २०११ च्या अधिसूचनेने ती आणखी स्पष्ट केली: भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत स्थानिक वस्तीच्या स्वतःच्या वापराखेरीज उपशाला मनाई, २०० ते ५०० मीटरच्या पट्ट्यात फक्त साध्या विहिरीतून, हाताने, आणि पिणे, बागायत, शेती व मासेमारी एवढ्याच कारणांसाठी, तेही दुसरा स्रोत नसेल तर. ‘हाताने’ हा शब्द कार्यालयात बसून लिहिलेला भाबडा शब्द वाटतो, पण त्यामागे सायीचे शास्त्र आहे. रहाटाने किंवा पोहऱ्याने काढलेले पाणी वरच्या थरातून, थोडे थोडे, मध्ये उसंत देत निघते. पंप ती उसंत देत नाही. किती पाणी काढले याइतकेच ते कसे काढले याला वाळूत महत्त्व आहे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो योग्य आहे. रहाटाचे गोडवे गाणाऱ्यांनी कधी रहाट ओढलेला नसतो. डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन चढण चढणाऱ्या बायकांनी पंपाला आणि नळाला मनापासून दुवा दिला, आणि त्यांना त्या दिवसांकडे परत ढकलण्याचा हक्क कोणालाही नाही. जुन्या घरांत पाणी जपून वापरले जाई ते सगळे शहाणपणामुळे, असे मानणेही चूक ठरेल. त्या काळी पाण्याला मर्यादा घालत होता तो माणसाचा खांदा. पंपाने खांद्याचे दुखणे घालवले आणि त्यासोबत मर्यादाही गेली. आता ती दुसऱ्या कशाने तरी घालायला हवी: मीटरने, दराने, नियमाने. पण जुन्या घरातली एक गोष्ट मात्र कष्टाशिवाय उचलता येण्याजोगी आहे. न्हाणीचे पाणी परसात सोडलेले असे. तिथे आधी अळू, मग केळी आणि शेवटी माडाचे आळे. एकच पाणी अंगावरून उतरून भाजीला, फळाला आणि नारळाला पुरत असे, आणि उरलेले वाळूत मुरून पुन्हा सायीला मिळत असे. आज तेच पाणी बंद गटारात जाते आणि बागेला वेगळे, गोडे, पंपाचे पाणी घातले जाते. मोरीचे पाणी अळवाला वळवायला कोणाच्याही खांद्याची गरज नाही; लागते ती दहा फूट पन्हळ.

आता मागणीकडे वळू. २०११ च्या जनगणनेत मालवण शहराची लोकसंख्या एकोणीस हजारांच्या आत होती आणि जिल्ह्याची साडेआठ लाखांच्या आसपास. आधीच्या दशकापेक्षा थोडी कमीच. म्हणजे वस्ती फुगल्यामुळे पाणी कमी पडते, हे स्पष्टीकरण इथे लागू होत नाही. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, पुढच्या वर्षी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, आणि २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला. पाहुणे आले, पैसा आला, घराघरांत न्याहारी-निवासाच्या खोल्या झाल्या; हे चांगलेच झाले. अडचण वेळेची आहे. विहिरींची पातळी सर्वांत खाली जाते मे महिन्यात, आणि शाळांना सुटी लागून पर्यटक आणि मुंबईचे चाकरमानी एकदम येतात तेही मे महिन्यातच. तळ आणि शिखर एकाच पंधरवड्यात भेटतात.

त्या पंधरवड्यात एका खोलीत किती पाणी जाते, याचा हिशेब कागदावर करून पाहू. समुद्रात डुंबून आलेला पाहुणा दिवसातून दोनदा अंगावरचे मीठ धुतो. मिनिटाला दहा लिटर सोडणाऱ्या शॉवरखाली तो आठ-आठ मिनिटे उभा राहिला तर १६० लिटर गेले. जुन्या धाटणीच्या फ्लशला एका वेळी दहा लिटर धरले, तर पाच वेळांचे ५०. एकूण २१०. हाच माणूस वीस लिटरच्या बादलीने दोनदा न्हाला आणि फ्लश दोन बटणांचा, कमी पाण्याचा असला, तर ६५ लिटरमध्ये भागते. वीस खोल्या, चाळीस माणसे. पहिल्या रीतीने दिवसाला ८,४०० लिटर, दुसऱ्या रीतीने २,६००. फरक ५,८०० लिटरचा, म्हणजे अर्ध्या टँकरहून अधिक, आणि तो रोजचा. त्यात तरणतलाव आला की हिशेबाची पातळीच बदलते. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटरच्या आत खोली असा लहानसा तलावही साठेक हजार लिटर गिळतो; वरून दिवसाला पाच मिलिमीटर जरी उडून गेले तरी रोज अडीचशे लिटर भर घालावी लागते. समोर अख्खा अरबी समुद्र असताना!

म्हणूनच प्रश्न विचारायला हवा तो उन्हाळ्याच्या मजेविषयी. मालवणात मे महिन्यात पारा नागपूरइतका चढत नाही. त्रास होतो तो दमटपणाचा. हवा आधीच ओली असल्यामुळे घाम सुकत नाही, आणि घाम सुकत नाही तिथे चौथ्यांदा अंघोळ करूनही पाच मिनिटांत माणूस पुन्हा चिकट होतो. अशा हवेत गारवा देतात ते सावली आणि वारा. जुनी घरे ते ओळखून बांधलेली होती: जाड चिऱ्याच्या भिंती, उतरती कौले, पुढे पडवी, भोवती माड. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा मतलई वारा आणि दुपारनंतर समुद्रावरून येणारा खारा वारा, या दोघांच्या वेळा सांभाळून इथला दिवस आखलेला असे. सकाळी समुद्र, दुपारी पडवी, संध्याकाळी पुन्हा पुळण. पहाटे किनाऱ्यावर रापण ओढली जात असताना उभे राहावे. दुपारी रातांब्याची साल मिठात मुरवून काढलेल्या आगळाचे सरबत किंवा सोलकढी प्यावी. मीठ आणि आंबट एकत्र पोटात जाणे ही घामाने शिणलेल्या शरीराची खरी गरज. हापूस आणि पायरी, कापा आणि बरका, करवंदे, जांभळे, काजूची बोंडे, शहाळी; हे सगळे झाड वर्षभराच्या पाण्यातून तयार करून ऐन टंचाईत आपल्यापुढे ठेवते. रात्री देवळासमोर दशावतार, नाहीतर अंगणात गजाली. या यादीतल्या एकाही गोष्टीला नळ उघडा सोडावा लागत नाही. पाहुणा शेकडो किलोमीटर येतो तो याच यादीसाठी. शॉवर आणि तरणतलाव त्याच्या शहरात असतातच.

हॉटेलवाले यावर म्हणतील की हे लिहायला सोपे आहे. पैसे मोजलेला पाहुणा बादली पाहून दुसरीकडे जाईल. भीती खरी आहे, पण पुरावा दुसऱ्या बाजूचा आहे. दक्षिण आफ्रिकेतले केप टाउन हे समुद्रकाठचे, पर्यटनावर जगणारे शहर. २०१८ मध्ये धरणे तळाला गेल्यावर तिथे माणशी रोज ५० लिटरची मर्यादा आली, हॉटेलांनी बाथटबची बुचे काढून ठेवली, आणि कारण मोकळेपणाने सांगितल्यावर पाहुण्यांनी ते निभावले. नळ पूर्ण कोरडे पडण्याचा दिवस टळला. त्याच वर्षी मे महिन्यात शिमल्यात उलटे घडले. तजवीज नव्हती, पाण्यासाठी लोक रस्त्यावर आले, आणि नावाजलेला उन्हाळी महोत्सव पुढे ढकलावा लागला. बादलीपेक्षा कोरडा नळ पाहुण्याला लवकर पळवतो. आपल्याकडचे उदाहरण रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातले वेळास. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेच्या कामातून तिथे २००६ पासून कासव महोत्सव भरतो. ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्ले समुद्राकडे धावताना पाहायला लोक पहाटे उठतात, गावकऱ्यांच्या घरी राहतात, घरचे जेवतात, आणि तरणतलाव नाही म्हणून कोणी परत जात नाही.

दुसरा आक्षेप मोठ्या उपायांचा. धरणातून नळयोजना आणा, नाहीतर समुद्राचे पाणी गोडे करा; मग कसली काटकसर? नळयोजना हवीच, तिला विरोध नाही. पण मालवण शहराला पाणी देणारा धामापूरचा तलाव काय सांगतो, तेही ऐकावे. विजयनगरचे मांडलिक असलेल्या नागेश देसाई यांनी १५३० मध्ये दोन डोंगरांमध्ये बांध घालून तो बांधला. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळांत जागा दिली. जवळजवळ पाचशे वर्षे तो टिकला, कारण भोवतालचे जंगल टिकले आणि त्याच्याकडून त्याच्या कुवतीइतकेच मागितले गेले. मागणीला तळच नसेल तर कोणताही तलाव पुरणार नाही. समुद्राचे पाणी गोडे करायचे म्हटले तर हजार लिटरमागे साधारण तीन ते चार युनिट वीज जाते, आणि उरलेले दुप्पट खारे पाणी परत किनाऱ्यालगतच सोडावे लागते, जिथे मासळी आणि मासेमार दोघांचे पोट आहे. महानगराला ते परवडेल. वीस हजारांच्या गावाने तो शेवटचा उपाय मानावा.

तिसरा आक्षेप शेतीविषयी: बागायतीला हॉटेलांपेक्षा जास्त पाणी जाते, मग बोट पर्यटनाकडेच का? बागायतीलाही सूट नाही. पाटाने पाणी सोडण्याऐवजी ठिबक लावले तर माडाचे पाणी बरेच वाचते, आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोकणासाठी प्लास्टिकचे अस्तर दिलेली जलकुंडे आणि दगडांचे विजय बंधारे सुचवून बरीच वर्षे झाली. पण एक भेद ध्यानात ठेवावा. माडाच्या आळ्यात घातलेल्या पाण्याचा काही भाग त्याच वाळूत परत मुरतो. टाकीत साठून गटारातून गेलेले पाणी परत येत नाही. शिवाय माड वाळू धरून ठेवतो आणि सावली देतो. वाडी गेली की उन्हाळा सोसण्याचे साधनच जाते.

चौथा आक्षेप हुशारीचा आहे. छपरावरचे पाणी साठवा म्हणता, पण पाऊस संपतो ऑक्टोबरात आणि गरज लागते मे महिन्यात. एवढी टाकी कोण बांधणार? हिशेब करून पाहावा. शंभर चौरस मीटरच्या छपरावर अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडला तरी अडीच लाख लिटर पाणी पागोळ्यांवाटे अंगणात पडते. म्हणजे दहा हजार लिटरचे पंचवीस टँकर. ते सगळे साठवायचे नाही. पाच माणसांच्या घराला पिण्यास आणि स्वयंपाकाला माणशी दहा लिटर धरले तर रोज ५०, आणि फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांचे मिळून सहा हजार लिटर. दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि दीड मीटर खोल एवढी झाकलेली टाकी पुरते. पहिल्या दोन-चार सरी सोडून द्यायच्या, कौले धुऊन निघू द्यायची, मग पन्हळीचे पाणी गाळून आत घ्यायचे. उरलेले विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात उतरवायचे, म्हणजे सायीला जाडी येते. वीस खोल्यांच्या हॉटेलचे छप्पर याहून मोठे असते आणि टाकी बांधण्याची ऐपतही. परवाना देताना ही टाकी, पाण्याचा मीटर आणि वापराबरोबर चढत जाणारा दर या तीन गोष्टी सक्तीच्या केल्या तर बचतीचा भार हंडा उचलणाऱ्या घरावर न पडता, जिथून पाणी जास्त जाते तिथे पडेल. घराला पुरेसे पाणी ठरल्या दरात, त्यापुढचे महाग. हा न्याय समजायला कोणाला अवघड नाही.

कोकणातले घर बेगमी करण्यात एरवी कोणाला हार जात नाही. पावसाळ्याचे चार महिने बाजार तुटणार, मासेमारी बंद राहणार, हे ठाऊक असल्यामुळे आगोटीआधी सुकी मासळी, मीठ, आमसुले, कडधान्ये, लाकूडफाटा सगळे भरून ठेवले जाते. हे काम भर पावसात करायचे नसते, हे कोणाला सांगावे लागत नाही. उन्हाळ्याच्या पाण्याची बेगमी मात्र आपण ऐन उन्हाळ्यात करायला निघतो, म्हणून ती टँकरवर जाऊन संपते. तिची वेळ आहे दिवाळीची. तेव्हा व्हाळ, म्हणजे गावचा ओढा, अजून वाहता असतो, सड्यावरचे गवत अजून पुरते वाळलेले नसते. सिमेंटच्या रिकाम्या गोणत्यांत माती भरून गावाने चार दिवस अंगमेहनत केली तर एक वनराई बंधारा उभा राहतो. त्यामागे अडलेले पाणी आजूबाजूच्या विहिरींत मुरते आणि त्यांची पातळी काही आठवडे अधिक टिकते. मे महिन्यात आंबे खाऊन बावीवर हात धुणाऱ्या मुलांना हे आठवडे दिसणार नाहीत. त्यांना फक्त पोहरा पाण्याला लागल्याचा आवाज ऐकू येईल. पण तो आवाज दिवाळीत अडवलेल्या व्हाळाचा असेल.